वादकांचा रकाना

एकच वाद्यरचना, तीही एखाद्या दुपारी एकदाच ध्वनिमुद्रित झालेली, आणि तिच्यावर एकामागून एक बारा, पंधरा, कधी वीस गायकांनी निरनिराळ्या शब्दांत व निरनिराळ्या चालींत गायिलेली गीते, अशा घाटाचे संकलन जमैका बेटातील संगीताखेरीज अन्यत्र मला फारसे आढळलेले नाही. तेथील लोक त्या मूळ वाद्यरचनेला रिडिम म्हणतात. ड्रम्स, बास गिटार आणि ठेक्याच्या मधल्या मोकळ्या जागी पडणारे गिटारचे वा पियानोचे तुटक आघात एवढ्यावर ती बहुधा उभी असते. तिच्यावर गायकाने आपला आवाज चढविण्याच्या क्रियेला ते व्हॉइसिंग म्हणतात, आणि अशी गीते एकत्र करून काढलेल्या संग्रहाला रिडिम अल्बम. या संग्रहांची कागदपत्रे तयार करणे, म्हणजे कोणत्या गीताचा कर्ता कोण, हक्कदार कोण, मोबदला कोणाच्या नावे जमा व्हावयाचा याची फेरिस्त करून तिची रुजवात घालणे, हा लंडनच्या वायव्य भागातील एका लहानशा ध्वनिमुद्रिका कंपनीत माझा व्यवसाय होता. पुण्यातून वाणिज्य शाखेची पदवी घेऊन लग्नानंतर इंग्लंडात आलेली मी त्या कचेरीत शिरले ती हिशेबाच्या पात्रतेवर, संगीताच्या नव्हे. परंतु त्या हिशेबानेच मला एका परक्या संगीताच्या इतके आत नेले की, त्यातील एक प्रश्न निवृत्तीनंतरही माझी पाठ सोडीत नाही, आणि त्याविषयीच मला येथे लिहावयाचे आहे.

कचेरी हार्ल्सडनला होती. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ ही बोट टिलबरीच्या धक्क्याला लागली, आणि पुढील दोन दशकांत वेस्ट इंडीज बेटांतून जे हजारो लोक इंग्लंडात आले, त्यांपैकी जमैकन कुटुंबांची मोठी वस्ती या भागात झाली. तिच्यामागोमाग तबकड्यांची दुकाने आली, ध्वनिमुद्रणाच्या लहान खोल्या आल्या, घाऊक व्यापारी आले. त्याच ब्रेंट विभागात, थोड्याच अंतरावर, डॉलिस हिल येथे १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. गणेशोत्सवात संध्याकाळी तेथे आरतीला उभे राहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हार्ल्सडनच्या रस्त्याने, दुकानांच्या दारांतून येणारा बास गिटारचा गंभीर नाद पायांच्या तळव्यांना जाणवत असता, कचेरी गाठावी, असे माझे आयुष्य पुष्कळ वर्षे सुखाने चालले, आणि त्यात मला कधी विसंगती वाटली नाही.

माझ्या मेजावर येणाऱ्या प्रत्येक गीतासाठी एक छापील नमुना असे. गीताचे नाव, गायक, शब्दकर्ता, निर्माता, ध्वनिमुद्रणाचे स्थळ व साल, प्रकाशनहक्काचे धनी, असे त्यात रकाने होते, आणि सर्वांत खाली, कागदावर जागा उरली म्हणून आखावा तसा, वादकांचा रकाना होता. वरचे रकाने कष्टाने का होईना, भरत. किंग्स्टनला दूरध्वनी करावा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात स्थायिक झालेल्या गायकाचा पत्ता त्याच्या भाच्याकडून मिळवावा, मृत गायकाच्या वारसांकडून मुखत्यारपत्र मागवावे. एकच गायक तीन टोपणनावांनी गायिलेला असावयाचा, आणि एकाच टोपणनावाचे दोन गायकही निघावयाचे. तरी चार-सहा महिन्यांच्या पत्रव्यवहाराने या बाबींचा निकाल लागे. वादकांचा रकाना मात्र कोरा राही. संग्रहात सोळा आवाज असले, तर सोळा नमुन्यांवर सोळा निरनिराळी नावे सुवाच्य अक्षरांत लिहिलेली असत, आणि सोळाही नमुन्यांचा तळ सारखाच मोकळा असे. कारण ज्या चार-पाच जणांच्या वादनावर ते सोळाही जण उभे होते, ते चार-पाच जण कोण, याची नोंद कोणी ठेवलेली नसे.

ही नावे कोणी मुद्दाम दडविली असे नव्हे; या संगीताची घडणच अशी झाली की, ती मागे पडत गेली. पन्नाशीच्या दशकात जमैकात साउंड सिस्टिमची चाल पडली, म्हणजे प्रचंड ध्वनिक्षेपकांचा सरंजाम मोकळ्या पटांगणात उभारून त्यावर तबकड्या वाजवावयाच्या, आणि लोकांनी पैसे मोजून नाचावयास यावयाचे. या सरंजामाचे धनीच पुढे ध्वनिमुद्रणाचे धनी झाले, आणि शेजारच्या पटांगणात जे वाजत नाही ते आज रात्री आपल्या पटांगणात काय वाजवावे, हीच त्यांची मुख्य विवंचना राहिली. १९६७-६८ च्या सुमारास स्पॅनिश टाउनचे रडी रेडवुड यांच्यासाठी ड्यूक रीड यांच्या ‘ट्रेझर आयल’ या मुद्रणगृहात पॅरागॉन्स या गायकसंघाच्या ‘ऑन द बीच’ या गीताची तबकडी कापली जात असता तंत्रज्ञाकडून गायकांचा आवाज वगळला गेला. रेडवुड यांनी ती तशीच नेऊन वाजविली, आणि जमलेला समुदाय त्या मोकळ्या वाद्यरचनेवर आपणच गाऊ लागला. तबकडीच्या मागील बाजूस नुसती वाद्यरचना देण्याची, म्हणजे व्हर्शन देण्याची, प्रथा तेथून रुळली. १९७० साली यू-रॉय यांनी ट्रेझर आयलच्याच जुन्या वाद्यरचनांवर लयीत बोलून तबकड्या केल्या, आणि जमैकातील लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या तिन्ही जागा त्यांच्याकडे गेल्या. पूर्ण झालेले ध्वनिमुद्रण हे अशा रीतीने पुढील कामाचा कच्चा माल ठरले. १९७४ साली रुपी एड्‌वर्ड्‌स या निर्मात्यांनी ‘यामाहा स्कॅन्क’ ही दीर्घ तबकडी काढली, तीत आरंभापासून अखेरपर्यंत एकच रिडिम आहे, तो म्हणजे स्लिम स्मिथ व त्यांच्या ‘युनिक्स’ या संघाने १९६८ साली गायिलेल्या ‘माय कॉन्व्हर्सेशन’ या गीताचा; एका रिडिमला सबंध वाहिलेली ही पहिली तबकडी, असे सामान्यतः मानले जाते. स्लिम स्मिथ १९७३ सालीच वारले होते. त्यांच्या कंठासाठी वाजविले गेलेले संगीत त्यांच्या पश्चात इतरांच्या कंठाखाली वाजत राहिले, आणि वाजविणारे आणखी एक पायरी मागे सरकले.

अशी तबकडी ऐकावी कशी, हे मला कोणी शिकविले नाही. कामासाठी ती पुनःपुन्हा ऐकावी लागली, आणि कान आपोआप घडला. दुसऱ्या-तिसऱ्या गीतापर्यंत वाद्यरचनेची ओळख पटते, आणि नवख्याला तेथे कंटाळा येतो. माझ्या परिचयाचे कित्येक सुजाण श्रोते तेथेच उठून गेले आहेत, आणि ते आणखी थोडे बसते तर किती बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते. कारण त्यानंतर वाद्यरचना जाणिवेच्या मागे सरते आणि मनुष्याचा कंठ इतका उघडा होऊन समोर येतो की, एरवीच्या संगीतात तो तसा क्वचितच भेटतो. सर्वांना जमीन एकच मिळालेली असते. चाल, शब्द आणि स्वभाव ज्याचा त्याने आणावयाचा. एक जण आघाताच्या किंचित आधी शब्द टाकतो आणि सबंध गीताला उतावीळपणा येतो. दुसरा आघात होऊन गेल्यावर सावकाश येतो, आणि तीच लय विसावल्यासारखी वाटू लागते. एकाचे गाणे प्रेमभंगाचे, दुसऱ्याचे बायबलातील निर्वासितांचे, तिसरीचे घरभाडे थकल्याचे. कोणी बास गिटारच्या स्वरावलीतूनच आपली चाल काढतो, कोणी तिच्या नेमका उलट चढत जातो. आणि एखादा, दोनच स्वरांवर उभा राहून, नुसत्या उच्चाराच्या बळावर सर्वांना मागे टाकतो. यांत श्रेष्ठ कोण याविषयी कचेरीत कडाक्याचे वाद होत. माझे स्वतःचे मत असे झाले आहे की, रिडिमवर उत्तम गायक तो, जो मधल्या मोकळ्या जागांचा लोभ धरीत नाही. त्या भरून काढण्याच्या मोहात पडून चांगले चांगले गळे फिके पडल्याचे मी पाहिले आहे. मग दहाव्या-बाराव्या गीताच्या पुढे केव्हातरी वाद्यरचना पुन्हा ऐकू येऊ लागते, पण ती आता निराळी असते. गिटारचा आघात कोठे दाबलेला आहे, ऑर्गन कोठे शिरतो आणि कोठे निमूटपणे निघून जातो, ड्रम्सवाल्याने तिसऱ्या मात्रेवर पाय आणि काठी यांचा एकत्र भार देऊन पहिली मात्रा कशी रिकामी सोडली आहे, हे सारे प्रथमच कळते. ते कळू लागल्यापासून वादकांचा तो कोरा रकाना मला अधिकच बोचू लागला.

मराठी वाचकाला येथे आपल्या संगीत नाटकांची आठवण होणे स्वाभाविक आहे, मलाही ती झाली होती. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ व ‘सौभद्र’ या १८८० व १८८२ सालच्या नाटकांतील पदांच्या डोक्यावर त्यांची चाल छापलेली असते. पूर्वीच्या एखाद्या प्रसिद्ध गीताच्या चालीवर नवे पद रचले, तर त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे, आणि उगम कागदावर नमूद राही. ही व्यवस्था मला अत्यंत सभ्य वाटत आलेली आहे. परंतु रिडिमची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि तो वेगळेपणा माझ्या ध्यानी यावयास बराच अवधी लागला. चाल कोणीही पुन्हा गातो, पुन्हा वाजवतो, आणि प्रत्येक वेळी ती नव्या हातांतून येते. रिडिममध्ये पुन्हा येते ती चाल नव्हे. प्रत्यक्ष ते वादनच, त्या दुपारचे, त्या खोलीतले, त्या बोटांचे, तसेच्या तसे पुन्हा येते.

मी ज्या पहिल्या मोठ्या संग्रहाचे काम केले, त्याच्या रिडिममध्ये आठव्या आवर्तनाच्या अखेरीस पियानोवादकाचा हात केसभर उशिरा पडतो. सत्तरीच्या दशकाच्या आरंभीचे ते ध्वनिमुद्रण. त्यावरील पहिले गीत त्याच वर्षीचे, आणि शेवटचे कित्येक वर्षांनंतरचे, अशा एका तरुण गायिकेचे की, वादक त्या खोलीत बसले होते तेव्हा ती जन्मलीही नव्हती. परंतु तिच्याही मागे, त्याच जागी, तो हात तेवढाच उशिरा पडतो. माझ्या कामात या खुणेला मोठे मोल होते. कारण सत्तरीच्या मध्यावर किंग्स्टनच्या मॅक्सफील्ड ॲव्हेन्यूवरील ‘चॅनल वन’ या मुद्रणगृहात ‘रेव्होल्यूशनरीज’ या वादकसंचाकडून साठीच्या दशकातील ‘स्टुडिओ वन’ या मुद्रणगृहाचे कित्येक रिडिम नव्याने वाजवून घेतले गेले, सामान्य कानाला ते एकच वाटतात, कायद्याच्या दृष्टीने मात्र रचना एक असली तरी ध्वनिमुद्रणे दोन आणि त्यांचे धनी दोन. ज्या फितीवर हात उशिरा पडला ती आमची; जीवर वेळेवर पडला ती दुसऱ्या कोणाची. एवढ्या एका लकबीवर मी करारनाम्यांचे निर्णय घेतले आहेत, आणि ज्याची ती लकब, त्याचे नाव त्या करारनाम्यात कोठेही नव्हते.

आमच्या गुदामाचे प्रमुख साठीपुढचे एक जमैकन गृहस्थ होते. तारुण्यात त्यांनी किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिमवर सिलेक्टरचे, म्हणजे कोणत्या तबकडीमागून कोणती लावावयाची ते ठरविण्याचे, काम केले होते. सर्वजण त्यांना अंकल म्हणत, मीही म्हणे. ते मला डॉटर म्हणत. वादक ओळखण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. ड्रम्सच्या जोडझांजा कशा उघडतात एवढेच ते कान देऊन ऐकत. ‘फ्लाइंग सिंबल्स’ म्हणून १९७४-७५ साली गाजलेली, मधल्या मात्रांवर झांज मोकळी सोडण्याची शैली ऐकू आली की ते कार्लटन ‘सांता’ डेव्हिस यांचे नाव घेत. ट्रॉम्बोनची लांब ओढ ऐकली की म्हणत, हा अल्फाचा मुलगा दिसतो. किंग्स्टनच्या साउथ कॅम्प रोडवर कॅथलिक भगिनींनी चालविलेली अल्फा बॉइज स्कूल ही निराधार व हूड मुलांची शाळा होती. तिच्या बँडमध्ये शिकून डॉन ड्रमंड, टॉमी मकूक, रिको रॉड्रिग्ज, व्हिन गॉर्डन यांच्यासारखे वादक निघाले, आणि त्या बेटाच्या संगीतातील पितळी वाद्यांचा इतिहास म्हणजे बव्हंशी त्या एका शाळेचा इतिहास होय. अंकल यांच्या ओळखीवर मी लगेच विसंबत नसे. दुसऱ्या एखाद्या जाणकाराकडून तिची तहकिकात झाल्यावाचून नाव नमुन्यावर चढत नसे. तथापि तहकिकातीला दिशा मिळे ती त्यांच्यापासूनच.

आश्चर्य असे की, हे सारे जाणणारे अंकल नावे लिहिण्याच्या माझ्या खटाटोपाला फारसे अनुकूल नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, पटांगणात नाचणाऱ्यांना रिडिमचे नाव ठाऊक असे, ते पुरे होते. सिलेक्टर एकाच रिडिमवरच्या तबकड्या लागोपाठ लावी, त्याला जगलिंग म्हणत, आणि रिडिम सर्वांचा होता म्हणूनच तर रात्रीत दहा गायकांना त्यावर उभे राहता येत होते. त्याला तुम्ही सातबारा लावलात, अशा अर्थाचे काही ते म्हणत, तर पुढच्या पोराला गाण्यासाठी जागा कोठे उरणार? त्यांच्या म्हणण्यात सत्य आहे, आणि मी ते कधी अमान्य केले नाही. जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा अमलात आला १९९३ साली. तोपर्यंतच्या सैल वहिवाटीत, दुसऱ्याचा रिडिम उचलून त्यावर गाण्याची मुभा सर्वांनी सर्वांना दिल्यासारखी होती, आणि त्या मुभेवाचून हे संगीत इतके फोफावले नसते. ॲन्सेल कॉलिन्स यांनी विन्स्टन रायली या निर्मात्यांसाठी १९७३ साली केलेल्या ‘स्टालग १७’ या वाद्यरचनेवर १९८२ मध्ये सिस्टर नॅन्सी यांचे ‘बम बम’ आणि १९८५ मध्ये टेनर सॉ यांचे ‘रिंग दि अलार्म’ उभे राहिले. दोन्ही गीते आज जगभर वाजतात.

परंतु मुभा देणे निराळे आणि नाव पुसणे निराळे. त्याच सिस्टर नॅन्सींना ‘बम बम’बद्दल कित्येक दशके मोबदला मिळाला नव्हता, जेथे गाणारीची ही कथा, तेथे वाजविणाऱ्यांची काय असेल? वादकांना गीतामागे ठराविक रक्कम किंवा आठवड्याची मजुरी मिळे, आणि तेथे त्यांचा हिशेब संपे, मग त्या ध्वनिमुद्रणावर पुढे एक गायक येवो वा पन्नास. १९९६ साली इंग्लंडातील नियमांत तरतूद झाली की, ध्वनिमुद्रण आकाशवाणीवरून वा सार्वजनिक ठिकाणी वाजविले गेले तर त्यातील साध्या वादकालाही वाटा मिळावा. हा वाटा मिळावयाचा तर वादकाचे नाव त्या ध्वनिमुद्रणाच्या नोंदीत असले पाहिजे; नाव नसेल तर पैसा त्याच्यापर्यंत पोहोचण्यास मार्गच नाही. मी अंकल यांना तो नियम नमुन्यासह समजावून सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एका बास गिटारवादकाचा किंग्स्टनमधील ठावठिकाणा आणून दिला.

त्या वृद्ध गृहस्थांशी झालेले बोलणे माझ्या नोकरीतील सर्वांत मोलाचे काम होय असे मी समजते. मी त्यांना रिडिमचे नाव सांगितले, तेव्हा त्यांना ते ओळखता येईना, कारण ते नाव पुढे एका गायकाच्या गीतावरून पडलेले होते. वाजविताना त्याला नावच नव्हते. मग मी दूरध्वनीवरून फीत ऐकविली. पहिली दोन आवर्तने होण्याच्या आत ते तोंडाने बासची ओळ म्हणू लागले, आणि मग त्यांना सर्व आठवले: सकाळपासून उपाशी होते, दोन रिडिम आधीच झालेले होते, हा तिसरा, गिटारवाला दुसऱ्या मुद्रणगृहात जाण्याच्या घाईत होता, पियानोवर बसलेले गृहस्थ मूळचे चर्चमध्ये ऑर्गन वाजविणारे, त्यांचे नाव त्यांनी अक्षरे सुटी करून मला लिहून घ्यावयास लावले. म्हणजे तो उशिरा पडणारा हात कोणाचा, हे मला त्या दिवशी समजले. मी त्यांना गायकांची यादी वाचून दाखविली. त्यांपैकी तिघे-चौघेच त्यांना ऐकून माहीत होते. बाकीचे आपल्या बोटांवर गायिले, याची त्यांना वार्ता नव्हती. रागावले नाहीत. प्रत्येक नावानंतर, तो कसा गायिला आहे, हे मात्र त्यांनी विचारले, आणि एका गायकाविषयी मी जरा हातचे राखून बोलले तेव्हा, तो वेगाने वाजणाऱ्या रिडिमचा गायक असावा, त्याला आमचा सोसला नसेल, असे म्हणून त्यांनी त्याची बाजू घेतली. ड्रम्सवाल्याचे नाव काही त्यांना सांगता आले नाही. नेहमीचा माणूस आला नव्हता म्हणून ऐन वेळी कोणी एक तरुण मुलगा आणला होता. सर्वजण त्याला हाक मारीत ते टोपणनाव तेवढे त्यांच्या ध्यानात होते.

ही नावे छापण्याचा प्रश्न आला तेव्हा वरिष्ठांपैकी एकांनी हरकत घेतली की, वेष्टनावर जागा नाही, आणि ग्राहक गायकांची नावे पाहून तबकडी घेतो. व्यापाराच्या दृष्टीने ते चुकीचे नव्हते. मी कागद मोजून, खर्चाचा तक्ता करून, आत एक पान वाढविण्याची तजवीज मांडली, आणि ती अखेर मान्य झाली. त्या पानावर वादकांची नावे प्रथम, आणि ड्रम्सपुढे ते टोपणनाव व ‘ओळख अद्याप अनिश्चित’ असे शब्द छापले गेले.

यंत्रे आल्यानंतर हा प्रश्न मिटला असे मला सांगण्यात येई. १९८५ साली प्रिन्स जॅमी या निर्मात्यांनी वेन स्मिथ यांच्या ‘अंडर मी स्लेंग टेंग’ या गीतासाठी जो रिडिम वापरला, तो कॅसिओ कंपनीच्या एमटी-४० या लहानशा कीबोर्डात तयार भरलेला होता. तो संथ करून घेतला, आणि त्या वर्षी २३ फेब्रुवारीला किंग्स्टनच्या वॉल्थॅम पार्क रोडवर झालेल्या साउंड सिस्टिमच्या सामन्यात तो वाजला, तेव्हापासून जमैकाच्या संगीताचे वळणच पालटले. तेथे ना बासवाला, ना ड्रम्सवाला. परंतु तो ठेका कीबोर्डात कोणी तरी भरला होता. ओकुदा हिरोको या जपानी तरुणीने संगीताचे शिक्षण घेऊन कंपनीत प्रवेश केल्यावर, आरंभीच्याच काळात तो रचला. रेगेचा, म्हणजे या जमैकन संगीताचा, त्यांना विद्यार्थिदशेपासून छंद होता. पुष्कळ वर्षे हे नाव कोणास ठाऊक नव्हते, आणि ते प्रकाशात आले तेव्हा मला झालेला आनंद एखाद्या आप्ताच्या गौरवासारखा होता. यंत्रामागेही हात असतो, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

पुढे एकाच माणसाने सबंध रिडिम यंत्रावर रचण्याची पद्धत रुळली. ग्रीनस्लीव्ह्‌ज कंपनीने २००२ साली आपल्या रिडिम-मालेत सत्ताविसावा संग्रह काढला तो ‘दिवाली’ रिडिमचा. स्टीव्हन ‘लेन्की’ मार्सडन यांची ती रचना, टाळ्यांच्या गुंतागुंतीच्या ठेक्यावर बेतलेली. तिच्यावरील शॉन पॉल यांचे ‘गेट बिझी’ २००३ साली अमेरिकेच्या यादीत अग्रस्थानी गेले, आणि वेन वंडर यांचे ‘नो लेटिंग गो’ व लुमिडी यांचे ‘नेव्हर लीव्ह यू’ हीही तिच्यावरच उभी आहेत. आमच्या मंडळाच्या मुलांनी त्या वर्षी ती टाळी उचलली होती. मोठ्यांना ती कोठून आली हे कळत नव्हते, आणि मला सांगता आले. अशा संग्रहांचे नमुने भरणे सोपे झाले, कारण वादकांच्या रकान्यात एक नाव लिहिले की काम संपे, आणि ते नाव धन्यासही ठाऊक असे. रिडिमच्या कर्त्याने निम्मा व गायकाने निम्मा हक्क घ्यावा, अशी वाटणीही साधारणतः ठरून गेली. ही व्यवस्था पूर्वीपेक्षा न्याय्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, जरी उशिरा पडणारा हात तीत ऐकू येत नाही.

आता तबकडी गेली आणि तिच्याबरोबर आम्ही भांडून मिळविलेले ते आतले पानही गेले. श्रोता दूरध्वनीच्या पडद्यावर गीत लावतो, तेथे गीताचे आणि गायकाचे नाव दिसते, बहुधा तेवढेच. परंतु हक्कांच्या नोंदवहीत वादकांसाठी जागा आहे, ती मागाहूनही भरता येते, आणि जुन्या कंपनीचे दफ्तर ज्यांच्या ताब्यात गेले त्यांनी मला तेवढे काम घरून करण्याची मोकळीक दिली आहे. बास गिटारवादकांचे नाव त्या रिडिमवरच्या सोळाही गीतांपुढे चढले. ते हयात असेतो त्यांना वाटा पोहोचत होता, आता त्यांच्या मुलीला पोहोचतो. पियानोवादकांचे वारस फ्लॉरिडात सापडले, त्यांची कागदपत्रे तपासणीत आहेत. ड्रम्सवाल्या मुलाचा शोध लागलेला नाही. त्या टोपणनावाचे दोन वादक निघाले, त्यांपैकी एक त्या साली इंग्लंडात होता असे पारपत्रावरून ठरले. दुसऱ्याबरोबर अल्फाच्या बँडमध्ये वाजविलेले एक गृहस्थ बर्मिंगहॅमला राहतात असे कळले आहे, आणि नुसत्या ड्रम्सची फीत मी गेल्या आठवड्यात त्यांच्याकडे रवाना केली आहे.